पंचवीस की दहा

म्हाळूच्या त्या पत्राला हौसरावांनी उत्तर दिलं नाही, या गोष्टीला एकोणचाळीस वर्षं झाली. निळं आंतर्देशीय पत्र, तिरकं अक्षर: ‘हौसा, दुर्बिणीत आरसा बसला. आता आयपीस, म्हंजी डोळा लावायचं भिंग, तेवढं राहिलं. पुण्याचा दुकानदार म्हणतो, पंचवीस मिलिमीटरचं घ्या न्हाईतर दहाचं. पंचविसात आभाळ जास्त, दहात वस्तू मोठी. ऐपत एकाचीच हाय. पुस्तकं तू वाचलीस, तू सांग. धूमकेतू निघालाय. न्हाईतर पुढच्या खेपेला बघू, शहात्तर वर्षांनी!’

हौसराव तेव्हा शिरूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यांनी पुस्तकं काढली. एक म्हणे पंचवीस, दुसरं म्हणे दहा. आपल्या शब्दावर मित्राचा पगार जायचा, या धास्तीनं त्यांनी कितीदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. धूमकेतू आला, गेला. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेत वर्षं गेली. गेल्या साली म्हाळू वारला, तर पुण्यानुमोदनालाही त्यांचा पाय निघाला नाही.

आरसा मात्र दोघांनी मिळून घासला होता, दौंडला म्हाळूच्या रेल्वे क्वार्टरमागं, तेलाच्या रिकाम्या पिंपावर. एक काच पिंपावर पक्की, दुसरी हातात, मधे करडी पूड आणि पाणी. म्हाळूनं काच मागंपुढं ढकलत पिंपाभोवती फिरायचं, हौसरावांनी फेरे मोजायचे. ‘बास’ म्हणायचा हक्क मोजणाऱ्याचा. तोवर थांबायचं नाही, हा म्हाळूचाच नियम. हौसराव मोजता मोजता मांडीवरच्या पुस्तकात हरवत, आणि म्हाळू घामाघूम होऊन ओरडे, “अरं हौसा, बास म्हण की! मला पृथ्वी केलंस व्हय, फिरतोय आपला!”

तो करडा गाळ आठवडाभर नखांत राहायचा.

गेल्या रविवारी दुपारी म्हाळूची मुलगी गौतमी तीच दुर्बीण पिकअपमध्ये घालून शिरूरला आली.

“जयभीम, काका. केडगावच्या एका शाळेला द्यायची म्हणते. आरशाला नवा मुलामा दिलाय. आयपीस दोन मागवलीत, पंचवीसचं आन् दहाचं. एक उद्या परत करायचंय. कुठलं ठेवू?”

“म्हाळूनं कुठलं घेतलं होतं?”

“कुठलंच न्हाई. नुसती नळी पुसत बसायचे. आई म्हणायची, आता तरी घ्या. तर म्हणायचे, हौसाचं पत्र यिऊ दे.”

“चिडला असेल माझ्यावर.”

“न्हाई वो. म्हणायचे, त्यो वाचतोय अजून.”

दोघांनी दुर्बीण गच्चीवर नेली. ऊन कलत होतं. हौसरावांनी नळी घोडनदीपलीकडच्या पंपघरावर रोखली आणि पंचवीसचं भिंग लावलं. अशा दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. ताऱ्यांना वरखाली नसतं, म्हणून चालतं. तसंच दिसलं. वर नदीचं पाणी, त्याखाली लोंबकळणाऱ्या बाभळी, आपल्याच छपरावर उभं असलेलं पंपघर, तळाशी आभाळ.

पंपघराशेजारी एक माणूस होता.

तो सरळ होता. डोकं वर, पाय खाली. पायांखाली आभाळ. समोर पिंप, आणि तो पिंपाभोवती फिरत होता, वाकून, हात मागंपुढं करत.

हौसरावांनी डोळा काढला. नदीपलीकडं नुसतं पंपघर होतं.

“तू बघ जरा.”

गौतमीनं बघितलं. “दिसतंय की, उलटं.”

“माणूस?”

“कुठंय माणूस?”

त्यांनी दहाचं भिंग लावलं. आता भिंतीचा तुकडाच मावला, वीट न् वीट दिसेल इतका. पिंप बाहेर गेलं, नदी गेली, आभाळही गेलं. राहिले दोन हात. मनगटापर्यंत करडे. मागं, पुढं. मागं, पुढं.

मग फेऱ्यात चेहरा समोर आला. तिशीतला. घामानं डबडबलेला.

ओठ हलले. आवाज आला नाही.

हौसरावांना तो ऐकायची गरज नव्हती.

“काका, बरं वाटत न्हाई का?”

“पंचवीसचं ठेव,” ते म्हणाले.

“नक्की?”

“दहात माणूस फार एकटा पडतो.”

गौतमी गेल्यावर त्यांनी एक कोरं निळं पत्र घेतलं. या वेळी एकही फाडलं नाही. ‘म्हाळू, पंचवीसचं घे. मोजता मोजता माझं लक्ष गेलं होतं. आता बास.’ पत्ता दौंडच्या त्या क्वार्टरचा घातला. ते क्वार्टर कधीच पाडलं होतं, हे त्यांना माहीत होतं. दुसरा पत्ता त्यांच्याकडं नव्हता.

सकाळी ते टपालपेटीपाशी आले. पत्र अर्धं आत सरकवलं, आणि सवयीनं हात अडला. दहाचं तर बरोबर नसेल? आणखी एकदा पुस्तक बघावं का?

त्यांनी पत्र मागं ओढायला घेतलं.

ते आतून अलगद ओढलं गेलं.

पेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला नाही. हौसरावांनी हात बाहेर काढला. बोटांना करडा गाळ लागला होता, ओला.