मुका मानव

वंशपत्र जोडल्याशिवाय आता कुठलाच अर्ज पुढे सरकत नसे. त्यावर फोटोखाली एक ओळ छापलेली असे : कोणत्या आदिपूर्वजाचा किती अंश. दाताच्या कवचातली प्रथिनं लाखो वर्षं टिकतात. ती वाचून जिवंत माणसाच्या रक्ताशी ताडून पाहायची, याला दंतवाचन म्हणत. ते साधलं आणि कपाटातल्या जीवाश्मांना एकाएकी नातवंडं मिळाली.

त्यातलीच एक, सुरेखा वाकचौरे, डॉ. टिपणिसांसमोर बसली होती. प्रवरेकाठच्या तिच्या रानातच त्यांना आदिमानवाचा एक जबडा सापडला होता, पुढे प्रसिद्ध झालेला.

"माज्या सासऱ्यानं तुमाला खोदू दिलं. चार म्हैने आमच्या घरची भाकरी खाल्ली तुमी," ती म्हणाली. "आन नाव काय ठिवलं? मुका मानव! माजी नात ईश्वरी बालवाडीत बाईच्या नोकरीसाठी गेली. वंशपत्र बघून म्हनले, पोरांना बोलायला शिकवायचंय, तुमच्यात नऊ टक्के मुका. नाव बदला, सायेब."

"आमच्या शास्त्रात पहिलं छापलेलं नाव कायम राहतं. वाईट असलं तरी."

"कायबी इलाज न्हाई?"

इलाज एकच होता. मानवाची ही जात वेगळी नाहीच, आधीच नाव मिळालेल्या एका जातीतली आहे, असं सिद्ध झालं तर नवं नाव रद्द होतं. तीस वर्षांपूर्वी संशोधकांची दुसरी तुकडी शोध आधी छापील या धास्तीनं टिपणिसांनी घाई केली होती. हनुवटीच्या आतल्या बाजूला जिभेचे स्नायू धरून ठेवणारे उंचवटे असतात. तिथं चुनखडीची पापुद्री बसली होती, ती न काढताच त्यांनी लिहून टाकलं : उंचवटे नाहीत, म्हणून वाचा नाही, म्हणून जात नवी.

त्यांनी कपाटातून जबडा काढला. सुरेखाबाईचं बोट धरून आतल्या बाजूवर टेकवलं.

"लागतंय काही?"

"दोन बारीक टेंगळं हायेत."

"याला बोलता येत होतं. पापुद्री मी नंतर काढली."

"कवा?"

"एकवीस वर्षं झाली." त्यांना मान वर करवेना. त्या नावावर त्यांना खुर्ची मिळाली होती, मानसन्मान मिळाले होते. या बाईच्या घरची भाकरी मात्र ते साफ विसरले होते. आपली इतकी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

"उद्याच छापतो," ते कसेबसे म्हणाले. "चूक माझी होती, असं स्पष्ट लिहितो. ईश्वरीला तसं सांगा. तिला फोन लावता? मीच बोलतो तिच्याशी."

सुरेखाबाईनं जबडा पदरानं पुसला आणि जपून टेबलावर ठेवला.

"तुमी बोलाल, सायेब," ती म्हणाली. "पन ती कुनाशीच बोलत न्हाई. त्या दिवसापास्नं. आपल्याला बोलायला जमायचंच न्हाई, असं पाटीवर लिवून दावती."