शून्य गुणांचं केंद्र

पुण्याच्या तुलनाशाळेतल्या पडद्यावर चार व्यसनमुक्ती केंद्रांचे गुण झळकले आणि करंजवाडीचे वामनराव सातपुते हबकलेच. त्यांचं केंद्र शेवटचं होतं, आणि शेवटच्याचं अनुदान बंद होणार होतं.

"मॅडम, माझी ऐंशी टक्के माणसं वर्षभर थेंबाला शिवली नाहीत. पहिल्या नंबरवाल्यांची साठच! त्यांच्या एका पेशंटच्या खर्चात माझे दहा सुधारतात. मग मला शून्य कसं?"

डॉ. अन्वी केळुसकरांनी चहा पुढे केला. गणितावर त्यांचा फार जीव. पण त्याच गणिताने समोरच्या भल्या माणसाचं तोंड उतरवलं, याचं त्यांना वाईट वाटलं.

"दादा, नुसते सुधारलेले मोजले, तर सोपे पेशंट निवडणारा जिंकेल. म्हणून आम्ही प्रत्येकाची प्रतिछाया बनवतो. तेच वय, तेच घर, तेच शेजारी. फक्त उपचार नाहीत. ती संगणकात वर्षभर जगते. माणूस आणि प्रतिछाया यांच्यातला फरक, तेवढंच केंद्राचं श्रेय."

"आणि माझ्या प्रतिछाया?"

"त्याही ऐंशी टक्के सुधारल्या. तुमच्याकडे न येता."

"मग सोळा वर्षं मी तिथं गोट्या खेळलो का?" वामनराव उखडले.

अन्वींनाही ते पटेना. त्यांनी करंजवाडीच्या एका पेशंटची, भिवा सुताराची, प्रतिछाया उघडली. पडद्यावरचा भिवा दारू शोधायला निघाला. पहिल्या गुत्त्यात उसाचा रस मिळत होता. दुसऱ्याला कुलूप. वरातीत शिरला, तर नाचणारे सगळे शुद्धीवर! शेवटी पारावरच्या तिघांनी त्याला बखोटीला धरून घरी जेवायला नेलं.

"हे तिघं कोण?"

"माझेच जुने पेशंट. तो रसवालासुद्धा."

अन्वींना हसू आवरेना. "चूक आमचीच. उपचार काढले, पण शेजारी ठेवले. आणि शेजारी तर तुम्हीच बरे केलेले!"

त्यांनी त्याच प्रतिछाया सोळा वर्षांपूर्वीच्या करंजवाडीत सोडल्या. शंभरातल्या सहाच सुधारल्या. वामनरावांचं केंद्र थेट पहिलं आलं. म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"अनुदान चालू राहील, दादा."

वामनरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पण मघाचा हिशोब खोटा नव्हता ना? आज मी नसलो, तरी गाव सुधारतंयच?"

"हो. त्यांना आता तुमची गरज उरलेली नाही."

"मग करंजवाडीचं केंद्र बंद करा. भिवा अन् मंडळी आहेत की तिथं!" वामनराव पिशवी उचलून उठले. "जिल्ह्यात सगळ्यात जास्त गुत्ते कुठल्या गावात आहेत, बघा बरं तुमच्या यंत्रात."

अन्वींनी बटण दाबलं. "सोनखेड. एकोणीस."

"झकास! तिकडची एसटी किती वाजता आहे?"