कोटाची उजवी बाजू

"तू फक्त शिंकत राहा," टाचणीने ढोल्याला बजावलं. "बाकीचं आम्ही बघतो!"

सुट्टीत नदीवर तराफा बांधायचा, असा टाचणी, ढोल्या आणि वकील या तिघांचा बेत होता. पण पहिल्याच दिवशी पोलिसांनी टाचणीच्या बाबांना शिवणयंत्रावरून उठवून नेलं. बाबा शिंपी. चौकीत एका फरार घरफोड्याचा फोटो होता. चेहरा जुळला, डाव्या गालावरचा व्रण जुळला, संपलं! गुन्हेगारांचे फोटो काढणारं खातं नवंकोरं होतं. त्याने अजून चुका करायला सुरुवात केलेली नव्हती.

ढोल्या चौकीत जाऊन दणदणीत शिंकला.

"अरे, माझ्या फोटोंच्या काचा!" फोटोग्राफर त्याला बाहेर ढकलू लागला. तेवढ्यात टाचणी आणि वकील टेबलापाशी पोचले. (वकील म्हणजे वर्गातला सर्वांत भांडखोर मुलगा.)

फोटो हुबेहूब बाबांसारखा! टाचणीला रडू फुटणारच होतं. मग तिची नजर कोटावर गेली आणि रडणं राहूनच गेलं.

"हा कोट उलटा आहे!"

"तो काही गुन्हा नाही," वकील म्हणाला.

"अरे शहाण्या, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. याची उजवी वर आलीय!"

"काय गोंधळ आहे?" दारात फौजदार उभे होते.

"साहेब, कोट नाही, फोटोच उलटा छापलाय!"

"अशक्य!" फोटोग्राफर गरजला. पण ज्या काचेवरून फोटो छापला ती मूळ काच खिडकीशी धरावीच लागली. छापताना ती पालथी ठेवली गेली होती. सुलटी धरताच कोट शहाण्यासारखा वागू लागला, आणि व्रण गेला उजव्या गालावर!

"शाबास! डोळे आहेत की सुया?" फौजदारांनी तिची पाठ थोपटली. "ने बाबांना घरी."

"आणि बाबांना भिंतीशी न हलता उभं करून तुम्ही समोरून, बाजूने काढलेला फोटो?"

फौजदारांनी टोपी नीट केली. "तो कपाटात राहणार, बाळ. काढलेला फोटो टाकून द्यायचा नियम अजून झालेला नाही."

शेजाऱ्यांनी टाचणीचं तोंडभर कौतुक केलं, आणि शिवायला दिलेली कापडं परत नेली. यंत्राशेजारची फळी रिकामी झाली.

कोठडीत वाळलेल्या बाबांच्या अंगावर कोट लोंबत होता. टाचणीने टेप काढली.

"बाबा, उभे राहा. कोट जरा आत घेते."

बाबा भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. समोर बघितलं. मग कुणी न सांगताच एका बाजूला वळले, हनुवटी उचलली आणि श्वास रोखला.

"बाबा," टाचणी हळूच म्हणाली, "हललात तरी चालेल."

बाबा हलले नाहीत.