मधला एच

धक्क्यावरच्या बाकावर बसून तो आमच्या छापखान्याच्या कागदांवर पेनाने काहीतरी करत होता. मी बोटीच्या रांगेत उभी होते. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

भरती-ओहोटीच्या वेळांचं ते पत्रक मी ओळखणार नाही तर कोण? आठवड्यापूर्वी त्याचं प्रूफ मीच तपासलं होतं. मी रांग सोडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्याने वर पाहिलं, कानापर्यंत लाल झाला आणि अख्खा गठ्ठा रेनकोटाखाली सरकवला.

"काय लिहीत होता?"

"मी? कविता…"

"भरतीच्या वेळापत्रकावर?"

"ओहोटीच्या वेळी सुचत नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. गोड बोलणाऱ्यांवर माझा मुळातच विश्वास नाही. आई म्हणते, या मुलीला देव भेटला तरी ती आधी ओळखपत्र मागेल.

शिवाय त्या महिन्याअखेर माझी नोकरी कायम व्हायची होती. आमच्या शहराचं इंग्रजी नाव नुकतंच दुरुस्त झालं होतं. इथली माणसं नाव घेताना मध्येच हलकासा श्वास सोडतात. परक्या खलाशांना तो कधी ऐकूच आला नाही, आणि पिढ्यानपिढ्या नाव इंग्रजीत एचशिवाय लिहिलं गेलं. आता नगरपालिकेने हुकूम काढला होता, की मधला एच हवाच. मालकांनी मला सगळ्यांदेखत बजावलं होतं, "एक जरी एच गळला ना, तर कायम होणं विसर."

दुसऱ्या दिवशी हा इसम छापखान्यात हजर! बंदर कार्यालयातला कारकून निघाला. नकाशाचं प्रूफ न्यायला आला होता. प्रूफ हातात घेऊन त्याने फक्त शहराचं नाव वाचलं आणि सुटकेचा सुस्कारा सोडला.

"बोटांना शाई कसली?" मी विचारलं.

"कवितेची."

"एवढी लांबलचक आहे?"

"एकच अक्षर आहे हो… पण चारशे वेळा लिहायचंय."

हा एकतर वेडा आहे नाहीतर लबाड, मी मनाशी म्हटलं. मग तो रोजच यायला लागला. कधी नकाशाची घडी विचारायला, कधी कागदाचा रंग बघायला. माझ्या टेबलाशी उभा राहून खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाबद्दल बोलायचा. गुरुवारी आला नाही, तर मला दिवसभर करमेना. याने माझ्यावर काहीतरी जाळं टाकलंय, याची मला खात्रीच पटली.

शुक्रवारी मी बोटीच्या तिकीट खिडकीवर जाऊन एक पत्रक मागून घेतलं. शहराच्या नावात एच होता, पण पेनाने काढलेला. दोन अक्षरांच्या मध्ये, अंग चोरून बसलेला. दुसरं पत्रक मागितलं, तिसरं मागितलं. सगळीकडे तेच. माझी चूक होणं तर शक्यच नव्हतं. म्हणजे याने आमची पत्रकं लपवून कुठून तरी नकली छापून आणली होती!

मी तशीच बंदर कार्यालयात गेले.

"आमची पत्रकं कुठे आहेत?"

"तुमच्या हातात आहेत ती."

"आमच्यात एच छापलेला आहे."

तो हळूच म्हणाला, "तुमच्या छापखान्यातली फाईल बघा… नाहीतर राहू द्या, नकाच बघू."

मी छापखान्यात परतून ती बघितली. प्रूफवर खाली माझी सही होती, आणि नावात एच नव्हता. लहानपणापासून पत्त्यात ज्या नावाची सवय झाली होती, त्यावरून नजर सुळकन घसरली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरणारीला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं. लाजेने मी लाल झाले.

तो माझ्या मागोमाग आला होता. "गठ्ठे न्यायला आलो, तेव्हा मालक तुम्हाला दम देत होते," तो म्हणाला. "तुम्ही मान वर केली नाहीत. घरी जाऊन गठ्ठा उघडला, तर… तक्रार लिहायला पेन घेतलं होतं. पण तुमचा चेहरा आठवला."

"मालकांना सांगायला हवं."

"कशाला? कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना."

मी मालकांच्या खोलीत गेले आणि प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पत्रकं छापखान्याच्या खर्चाने पुन्हा छापायची ठरली आणि माझं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. नोकरी मात्र राहिली.

तो जिन्यात कठडा घट्ट धरून उभा होता. मी सगळं सांगितलं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं. पुढच्या वेळी माझी चूक मला सांगा, लपवू नका." मी एक पायरी खाली उतरले. "आणि… तुम्ही मला आवडता. उगाच संशय नको, म्हणून सरळ सांगतेय."

तो इतका वेळ बघत राहिला, की मलाच नजर खाली घ्यावी लागली.

"मग उद्या येतो," तो म्हणाला. "नकाशाचं दुसरं प्रूफ न्यायचंय."

"प्रूफ मी पाठवून देईन," मी म्हटलं. "तुम्ही कामाशिवाय या."