श्वासाची जागा

टेनर म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, आणि पुरुष तालमीला वेळेवर येतील तर शपथ! म्हणून वाद्यवृंदाच्या सरांनी औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीला बायकांच्या रांगेतून उठवलं. तिचा आवाज मुळातच जाड, खालच्या पट्टीतला. त्यांनी तिला टेनरांत नेऊन बसवलं, एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. ती जराही कुरकुरली नाही. तीन वर्षं चाचणीत नापास होऊन यंदा कशीबशी वाद्यवृंदाच्या गायकांत शिरली होती. तिला नगाऱ्यांच्या मागे बसवलं असतं तरी चाललं असतं.

"आपला भाग लिफ्टसारखा आहे," त्यानं वही तिच्याकडे सरकवली. "वर जातो आणि तिथंच अडकतो."

"मग अडकलेल्यांना काढता कसं?"

"धीर देऊन."

ती हसली. हसायला नको होतं... पण हसली खरी.

बसवायची होती ती सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदाची रचना, अवाढव्य. पहिले तीन भाग नुसत्या वाद्यांचे, तेवढा वेळ ऐंशी गायकांनी मुकाट बसायचं. शेवटचे दोन त्यांचे. त्यात अखेरीस एक ओळ होती — अगदी हळू, लांबच लांब, कुठंही न तुटणारी. एवढा श्वास कुणालाच पुरत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी आपसांत ठरवायचं, एकानं श्वास घेतला की दुसऱ्यानं गात राहायचं. दोघांनी एकदम घेतला की सुरात भोक.

"मी इथे घेते," तिनं पेन्सिलीनं खूण केली.

"मग मी दोन शब्द पुढे. उगाच भांडण नको."

"भांडतंय कोण?"

"आत्ताच ठरवलेलं बरं. पुढे लांबचा प्रवास आहे."

"दोन पानांचा!"

"बघू ना..."

सहा आठवडे हे असं चाललं. कितीही धुतले तरी त्याच्या हातांना ग्रीसचा वास यायचा. श्वास घेण्याआधी त्याचा खांदा किंचित वर व्हायचा. तिला ते कळायला लागलं, मग त्या खांद्याची वाट बघायची सवय लागली, आणि एके दिवशी तिनंही त्याच क्षणी श्वास घेतला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "टेनर! भोक!" सर ओरडले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, अख्ख्या वाद्यवृंदासमोर, चौथ्यांदा तेच झालं.

"कोण आहे? जो असेल तो घरी जाईल."

"मी, सर." लिफ्टवाला उभा राहिला.

धडधडीत खोटं! त्यानं श्वास आपल्याच जागी घेतला होता. ती गप्प बसली असती तर तिची जागा शाबूत होती. शिवाय आईची सगळ्या मावश्यांना तिकिटं वाटून झाली होती. तरी ती उठली.

"ते नाहीत, सर. ते बरोबर घेतात... मीच त्यांच्याबरोबर घेते."

"का पण?"

"राहवत नाही."

मागून कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. सरांचा चेहरा ढिम्म. त्यांनी रिकाम्या प्रेक्षागृहाकडे बोट दाखवलं. पर्स घेऊन ती खाली उतरली, चौथ्या रांगेत बसली आणि रडायचं नाही असं ठरवून रडली.

पुन्हा ती ओळ सुरू झाली, आणि टेनरांचा सूर मधेच खचला.

"आता काय झालं?"

"मी गायलोच नाही, सर," लिफ्टवाला म्हणाला. "शेजार रिकामा आहे. जमत नाहीये."

सरांनी टेनर मोजले. तो धरून सातच. त्यांनी कपाळावर हात मारला. "जा बाबा, आण तिला. आणि रांगेच्या दोन टोकांना बसा. काय ते उद्यानंतर करा!"

तो पायऱ्या उतरून आला. हातांचं काय करावं ते न सुचून त्यानं ते खिशात घातले.

"चल ना," तो म्हणाला. "उद्या कार्यक्रम संपला की मला तुझ्या आईशी बोलायचंय."

"काय?"

"कायमचा तुझ्या शेजारी बसतो म्हणून."

"आधी मला विचारा की!"

"तुला काय विचारायचं? तू तर ऐंशी माणसांसमोर सांगून मोकळी झालीस."

तिनं डोळे पुसले आणि त्याच्या पुढे होऊन पायऱ्या चढायला लागली. सरांना आणखी ताटकळत ठेवणं बरं नव्हतं.