आरसा चेहरा सोडतो

"काढलास नव्हं पोपट, आता ह्याच्यात जीव फुंक."

अब्बांचा हा आवाज लहानपणापासून सुग्राच्या कानात राहिला होता. निमगाव केतकीच्या घरात, चुलीमागच्या भिंतीवर तिनं कोळशानं पोपट काढला होता. अब्बा रागावले नाहीत. अंगठा पाण्यात बुडवून त्यांनी पोपटाच्या मानेवरून हळूच फिरवला. डोकं एकीकडं, धड एकीकडं. "चित्र काढणाऱ्याला कयामतीला हेच सांगत्यात, पोरी. आन् आपल्यापाशी फुंकायला जीव कुठाय?"

जत्रेत बिस्मिल्ला म्हणून बकऱ्यावर सुरी चालवायचा मान अब्बांचा, दिलावर मुलाण्यांचा. त्याच हाताला चित्राची भीती. आधार कार्डापुरता फोटो दिला, तोही सरकारची सक्ती म्हणून. इंदापूरच्या मौलानांनी समजावून पाहिलं, कॅमेरा म्हणजे आरसाच, त्यात गुन्हा नाही. अब्बा हसले. "आरशापुढनं माणूस हलला की आरसा चेहरा सोडतो, मौलाना. फोटो सोडतो व्हय?"

शेवटच्या आजारात त्यांनी अम्मा आणि सुग्रा दोघींचे हात एकावर एक घेतले. माझ्यामागं माझा चेहरा कुठं ठेवू नका, म्हणाले. दोघींनी शब्द दिला. ते गेले तेव्हा सुग्रा बारामतीला सासरी होती. ती एसटीनं पोचेपर्यंत अंघोळ घालून कफन बांधून झालं होतं. दफन झाल्यावर तिनं आधार कार्डावरच्या गळ्यावर बॉलपेननं रेघ ओढली. शब्द पाळला, असं तिला वाटलं.

वर्ष सरलं. अम्माला भेटायला आलेली सुग्रा बाजारच्या दिवशी मेथीची जुडी पिशवीत कोंबत सौरभच्या फोटो स्टुडिओवरून चालली होती. दुकानाच्या दारात त्यानं टीव्ही लावला होता. त्यावर मेलेल्या माणसांचे फोटो हलायचे. कुणाची आजी पदर सावरायची, कुणाचे तात्या मान डोलवायचे. लोक थांबून बघायचे आणि डोळे पुसायचे.

तात्यांच्या मागून अब्बा आले.

उजव्या भुवईवरचा तीळ तोच. पापण्या मिटल्या, उघडल्या. मग ओठांचा चंबू झाला, चूल फुंकताना व्हायचा तसा.

"बंद कर."

"ताई, तुमच्या अम्मांनीच फोटो मोठा करून मागितला. मी नमुना म्हणून हितं लावला. चुकलं माझं."

"बंद कर आधी, सौरभ."

त्यानं बटण दाबलं. मान खाली घालून म्हणाला, "एक सांगू? मी नुसती पापणी हलवली, आन् जरा हसू घातलं. हे फुंकणं माझं न्हाय. पुसून दोनदा परत केलं, तरी तसंच येतंय."

काळ्या पडद्यावर, अब्बांचं तोंड होतं त्या जागी, रुपयाएवढा दमट ठिपका होता. सौरभनं बाहीनं पुसला. ठिपका हलला नाही.

"आतनं हाय," तो म्हणाला.

सुग्रा घराकडं निघाली. सौरभचा तिला राग नव्हता. दुखत होतं ते दुसरंच. अब्बांच्या तळव्यावर तिच्या हाताखाली जो हात होता, तो अम्माचा होता.

अम्मा उंबऱ्याशी तांदूळ निवडत गुणगुणत होती.

*दळण सरलं बाई, जात्याला राहिलं पीठ*
*धनी गेला दूर, त्याचं रूप न दिसं नीट*

"कुठं ठेवलाय?" सुग्रानं विचारलं.

अम्माचं गाणं थांबलं. तिनं पिठाच्या डब्यामागं बोट केलं.

हिरव्या ओढणीत गुंडाळलेली फ्रेम निघाली. ओढणी ओली होती. काचेच्या आत, ओठांपाशी, वाफ धरली होती. सुग्रानं पदरानं काच पुसली. वाफ आक्रसली, मग पुन्हा पसरली. पुन्हा आक्रसली.

सुग्राला त्या ठेक्यात आपलाच श्वास सापडला. तिनं श्वास रोखला.

वाफ थांबली नाही.

"माझ्या पाठीमागं केलंस हे, अम्मा. त्यांच्या मरणादिवशी माझ्या गळ्यात पडून रडलीस, आन् शब्द मोडून हे ठेवलंस."

"चेहरा इसरंल म्हणून भ्याले गं. इतक्या वर्सांचा संसार, आन् बघायला काय न्हाय."

"कधी काढला?"

अम्मानं सूप बाजूला ठेवलं.

"तू एसटीत व्हतीस. आंघोळ झाली व्हती. माणसं कबर खणाय गेली, तवा मी सौरभला आत घेतलं. त्यानं मोबाइल पार तोंडाजवळ नेला. डोळं मिटल्यालंच व्हतं, ते त्यानं मागनं कॉम्प्युटरवर उघडलं."

"मग?"

"फोटो काढून त्यानं मोबाइल सदऱ्याला पुसला. काच धुरकाटली व्हती."

सुग्राच्या हातात फ्रेम गार लागत होती.

"त्यानं न्हाय बघितलं, सुग्रा. मी बघितलं. पण त्ये सांगितलं आसतं, तर फोटोबी सांगावा लागला आसता."