मात्सुबाच्या खडावा

अंगावर युकाता आमचा, पायात खडावा मात्सुबाच्या. शाळेतून घरी येता येता मी जागीच थांबले.

आमच्या गावात प्रत्येक पाहुणघराचा युकाता, म्हणजे पाहुण्यांना घालायला दिलेला सुती झगा, निराळा; खडावांवरही घराचं नाव. आमच्या ‘कावासेमी’चा निळा, त्यावर खंड्या पक्षी. पाहुणे तो घालून कालव्यापलीकडच्या गरम कुंडांवर निघतात. त्यांच्या खडावा दाराकडे वळवून ठेवायच्या आणि ‘जाऊन या’ म्हणायचं, हे काम माझं. त्यामुळे मी चेहरे विसरते, पाय नाही. आणि हे पाय आमचे नव्हते. युकाता इतका आखूड की नडग्या थंडीनं लाल… आणि स्वारी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी!

गेल्या हिवाळ्यात समोरच्या मात्सुबा पाहुणघरानं आईच्या तिळाच्या तोफूची कृती उचलली, आणि आमचे नेहमीचे पाहुणेही. यंदा आईनं खेकड्याचा नवा भात बसवला होता. तोही गेला तर अख्खा हंगाम गेला.

“काही हवंय?” मी गोड आवाजात विचारलं. संशय आला की माझा आवाज गोड होतो.

“नाही… वास छान येतोय.”

“कुठे उतरलात?”

“इथेच. वरच्या मजल्यावर.”

“वरच्या मजल्यावर तर सगळे आजोबाच आहेत.”

“मी वयाच्या मानानं बरा दिसतो.”

हसू आलं, पण गिळलं. हेरापुढे हसायचं नसतं. “भातात काय घालतात ते बघायला मात्सुबानं पाठवलं ना तुम्हाला?”

“कुठला भात?” तो खरंच गोंधळला. किंवा छान नाटक करत होता. त्याचे डोळे… ते जाऊ दे.

“खडावा बघा स्वतःच्या.”

त्यानं खाली पाहिलं. कान नडग्यांसारखेच लाल झाले. “मी तोमोया. आजोबांबरोबर मात्सुबात उतरलोय. हा युकाता त्यांच्या मित्राचा… कुरामोचीकाकांचा. ते तुमच्याकडे आहेत.”

“आणि तो घालायचं कारण?”

“काल पुलावरून तुला पाहिलं. वाकून खडावा वळवत होतीस, प्रत्येकाला म्हणत होतीस, जाऊन या. वाटलं — आपल्यालाही म्हणावं. पण तू तर फक्त खंड्यावाल्यांनाच म्हणतेस.” तो घुटमळला. “दारापर्यंत जायचा धीर होईना, म्हणून इथे उभा होतो.”

कारण इतकं गोड होतं की मला ते खोटंच वाटलं. “थांबा इथेच,” म्हणत मी तडक जिना चढले.

कुरामोचीकाका रजई गुंडाळून बसले होते. फक्त डोकं बाहेर. “तो पोरगा दिसला का गं? माझा युकाता घेऊन कधीचा गेलाय. मी आंघोळीला जाऊ कसा?”

जिना उतरताना माझी पावलं उगाचच हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तोमोया आणि त्याचे आजोबा निघणार होते. युकाता त्यानं आदल्या संध्याकाळीच परत केला होता; आता तो काकांना भेटायला आला. स्वतःचं जाकीट, स्वतःचे बूट. बूट दारात काढून तो वर कुरामोचीकाकांकडे गेला. मी सवयीनं वाकले, बुटांना हात लावला… आणि ते वळवलेच नाहीत. त्यांची टोकं घराकडेच राहू दिली.

तो खाली आला. बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“माझे नाही वळवलेस?”

“घाई असेल तर तुझे तू वळव.”

त्यानं सावकाश, फार सावकाश बूट वळवले. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता.

“आज अंगावर खंड्या नाही,” तो म्हणाला. “तरी म्हणशील?”

आतून आईचा आवाज आला, “कोझुए, गेला का तो हेर?”

“जातोय, आई,” मी म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, अगदी हळू… “जाऊन ये.”

“येतो,” तो म्हणाला. पूल ओलांडेपर्यंत दोनदा मागे वळला. मी मोजत नव्हते.